ओटीपी पाहायला गेले आणि बाहेर पडले : ज्येष्ठ खातेदार आणि बँकेचे अ‍ॅप, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील तालुक्याच्या एका शहरात काम करणाऱ्या नागरी सहकारी बँकेचे आहे. बँकेचे, गावाचे आणि व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. काही जणांचे पूर्वीचे व्यवसाय व घरातील नाती, ओळख पटू नये एवढ्यापुरती बदलली आहेत.

या बँकेच्या ठेवीदारांत साठी ओलांडलेल्यांचा भरणा मोठा आहे. निवृत्त शिक्षक, साखर कारखान्यातून आणि एसटीतून निवृत्त झालेले कर्मचारी, पतीच्या मागे मिळालेली रक्कम मुदत ठेवीत ठेवून तिच्या व्याजावर घर चालवणाऱ्या स्त्रिया, असे हे खातेदार आहेत. ज्येष्ठांना ठेवीवर थोडा जास्त दर मिळतो, शाखा चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि काउंटरवरचा माणूस नावाने ओळखतो, या तीन कारणांनी ते बँकेला धरून आहेत. ठेवींच्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे, हे यांच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते. त्यामुळे रक्कम दोन-तीन बँकांत विभागलेली असते. शिवाय प्रत्येक बँकेत चार-पाच पावत्या असतात. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरून घेण्यासाठी शाखेत जी रांग लागते, ती मुख्यतः याच मंडळींची. त्यांना विचारायचे असते ते एवढेच की या महिन्याचे व्याज जमा झाले का.

रांग कमी व्हावी म्हणून बँकेने मोबाइल अ‍ॅप घेतले. लहान सहकारी बँका स्वतः अ‍ॅप बांधत नाहीत. एखादी सॉफ्टवेअर कंपनी एकच अ‍ॅप रंग आणि बोधचिन्ह बदलून अनेक बँकांना पुरवते. हे अ‍ॅपही तसेच होते. शाखेतील लिपिकांनी ज्येष्ठ खातेदारांच्या फोनवर ते स्वतः बसवून दिले, पहिली नोंदणी करून दिली, मजकुराची भाषा मराठी लावून दिली.

समस्या

काही महिन्यांनी बँकेने नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की ज्येष्ठांपैकी बहुतेकांनी नोंदणीच्या दिवसानंतर अ‍ॅप यशस्वीपणे उघडलेलेच नव्हते. रांग तशीच होती. व्यवस्थापनाने याचा अर्थ सरळ लावला : वयस्कर माणसांना हे जमत नाही आणि त्यांना फसवणुकीची भीती वाटते, म्हणून प्रशिक्षण द्यावे. एका डिझाइन महाविद्यालयातील आमच्या लहान गटाकडे त्यांनी मागणी केली ती प्रशिक्षणाच्या पुस्तिकेची आणि चार-पाच व्हिडिओंची.

भीतीचे निदान अगदी चुकीचे होते असे नाही. पोलीस किंवा सीबीआयचे अधिकारी असल्याचे भासवून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली वृद्धांना लुबाडल्याच्या बातम्या २०२४ पासून सतत येत होत्या, आणि १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक गावातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकावरही लिहिलेला होता. मात्र ही भीती तर्कशुद्ध आहे, आणि तर्कशुद्ध भीती बाळगणारा माणूस एकदा खात्री पटली की वापर सुरू करतो. येथे तसे होत नव्हते. म्हणून पुस्तिका लिहिण्याआधी लोक नेमके कोठे थांबतात ते पाहू द्या, असे आम्ही म्हटले. बँकेने परवानगी दिली, पण काम लवकर संपवा असेही सांगितले.

पहिली फेरी : सभागृहात

पहिला निर्णय होता जागेचा आणि फोनचा. खऱ्या खात्यात खरे पैसे असतात. निरीक्षकासमोर शिल्लक उघडी करणे हा खासगीपणाचा प्रश्न होता आणि चुकून एखादा व्यवहार झाला तर त्याची जबाबदारी कोणाची, याला उत्तर नव्हते. त्यामुळे ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात, महाविद्यालयाच्या फोनवर, कंपनीने दिलेल्या चाचणी खात्यांवर काम करायचे ठरले. संशोधनाच्या नीतीच्या दृष्टीने हा निर्णय निर्दोष होता, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

प्रत्येकाला तीन कामे दिली : शिल्लक पाहणे, एका ठेवीचे व्याज जमा झाले का ते शोधणे, आणि ओळखीच्या खात्यात छोटी रक्कम पाठवणे. काम करताना मनात येईल ते बोलत राहा, ही अशा अभ्यासात नेहमी दिली जाणारी सूचना आम्ही दोघा-तिघांनंतर सोडून दिली. वयानुसार माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग मंदावतो आणि एकाच वेळी दोन कामे सांभाळणे जड जाते, हे टिमोथी सॉल्टहाउस यांच्या १९९६ च्या सिद्धान्तापासून ज्येष्ठांविषयीच्या संशोधनात वारंवार मांडले गेले आहे. त्यातून असे झाले की सूचना पाळणारे काका बोलायला लागले की बोट थांबायचे आणि बोट चालले की बोलणे थांबायचे. त्याऐवजी काम झाल्यावर चित्रीकरण त्यांच्याबरोबर पुन्हा पाहून ‘इथे तुम्ही काय शोधत होता?’ असे विचारण्याची पद्धत आम्ही घेतली.

जवळजवळ सर्वांनी तिन्ही कामे पूर्ण केली. वेळ लागला, अधूनमधून हात धरून पुढे न्यावे लागले, पण कामे झाली. शेवटी जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची वापरसुलभतेची प्रश्नावली मराठीत वाचून दाखवली. तिच्यातील विधाने आलटून-पालटून अनुकूल आणि प्रतिकूल असतात. उत्तर देणारा विचार करून देतो आहे की नाही ते त्यातून कळावे, ही कल्पना. आमच्याकडे बहुसंख्य काका-काकूंनी ‘हे वापरायला सोपे आहे’ याला ‘हो’ म्हटले आणि ‘हे विनाकारण किचकट आहे’ यालाही ‘हो’ म्हटले. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी तर ‘तुम्ही मुलांनी एवढी मेहनत घेतली आहे, वाईट कशाला म्हणू?’ असे सांगूनच टाकले. त्या अ‍ॅपशी आमचा काही संबंध नव्हता, हे त्यांना दोनदा सांगून झाले होते.

कागदावरचा निष्कर्ष बँकेच्या मताला पूरक होता. शिकवले, सोबत बसले, धीर दिला की ज्येष्ठांना जमते. म्हणजे प्रशिक्षणच हवे. बँकेला अहवाल द्यायची वेळ आली होती.

पहिला निर्णयाचा टप्पा : निष्कर्ष स्वीकारावा का?

गटात दोन मते पडली. एक मत असे की अहवाल द्यावा, कारण पुस्तिका आणि व्हिडिओ तयार करायला पुरेशी माहिती हाती आली आहे. दुसरे मत असे की सभागृहात तीन कामे करणारी व्यक्ती घरी जाऊन एकदाही अ‍ॅप उघडत नसेल, तर घरात असे काहीतरी आहे जे सभागृहात नव्हते. फरक माणसात शोधायचा की परिस्थितीत, हा वादाचा मुद्दा होता. माणूस दोन्हीकडे एकच असल्यामुळे परिस्थिती तपासणे अधिक योग्य, असे ठरले. बँकेकडून मुदत वाढवून घेतली आणि अटी बदलून घेतल्या : घरी जायचे, खातेदाराच्या स्वतःच्या फोनवर पाहायचे, रक्कम पाठवण्याचे काम वगळायचे, पडद्याचे चित्रीकरण करायचे नाही. फक्त बोट आणि फोनची वरची कडा दिसेल अशा कोनातून, तेही संमती असेल तरच, चित्रीकरण करायचे. शिल्लक दिसू लागली की निरीक्षकाने नजर वहीकडे वळवायची.

दुसरी फेरी : घरी

ज्या घरात गोष्ट उलगडली, ते एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेल्या एका काकांचे. सभागृहात त्यांनी तिन्ही कामे सर्वांत लवकर केली होती. घरी त्यांचा फोन म्हणजे मुलाने नवा घेतल्यावर वडिलांना दिलेला जुना फोन. काच एका कोपऱ्यात तडकलेली, साठवणुकीची जागा सुप्रभातच्या चित्रांनी आणि नातवाच्या व्हिडिओंनी भरलेली.

काकांनी अ‍ॅप उघडले, चार आकडी पिन टाकला. अ‍ॅपने ओटीपी मागितला. संदेशाची पट्टी पडद्यावर वरून खाली आली. काकांचा चष्मा दुहेरी भिंगाचा. जवळचे वाचायचे तर हनुवटी उचलून खालच्या भिंगातून पाहावे लागते. हनुवटी उचलेपर्यंत पट्टी निघून गेली. त्यांनी शांतपणे अ‍ॅप मागे ठेवून संदेशांचे अ‍ॅप उघडले, सहा आकडे तीन-तीनच्या जोडीने दोनदा मोठ्याने म्हटले आणि परत आले. बँकेचे अ‍ॅप पहिल्या पडद्यावर होते, जणू आताच उघडले आहे. पुन्हा पिन, पुन्हा नवा ओटीपी, पुन्हा संदेशांकडे. आता तेथे दोन ओटीपी होते आणि काकांनी लक्षात ठेवलेला पहिला होता. ‘ओटीपी चुकीचा आहे.’ तिसऱ्या चुकीनंतर खाते चोवीस तासांसाठी बंद झाले. काका म्हणाले, “बघा, माझंच डोकं चालत नाही आता. तिथं तुमच्यासमोर बरं जमलं होतं.”

कारण तांत्रिक आणि साधे होते. फोनची चालू कामासाठीची स्मृती (रॅम) अपुरी पडली की अँड्रॉइड मागे ठेवलेले अ‍ॅप बंद करून जागा मोकळी करते. अनेक अ‍ॅप्स बंद होण्यापूर्वी आपली अवस्था जपून ठेवतात आणि परत आल्यावर तेथूनच पुढे नेतात. या अ‍ॅपने सुरक्षिततेच्या नावाखाली अवस्था जपणे टाळले होते, त्यामुळे ते दर वेळी सुरुवातीपासून उघडायचे. महाविद्यालयाचे फोन नवे आणि भरपूर स्मृतीचे. त्यांच्यावर अ‍ॅप मागे ठेवले तरी जिवंत राहायचे, आणि शिवाय कळफलक आलेला ओटीपी स्वतःहून सुचवायचा. कंपनीच्या चाचणीकक्षात, बँकेच्या मुख्य कार्यालयात आणि आमच्या सभागृहात, तिन्ही ठिकाणी फोन चांगले होते. जुने फोन होते ते फक्त ज्येष्ठांच्या हातात, कारण आपल्याकडे बहुतेक घरांत नवा फोन मुलाकडे येतो आणि जुना आईवडिलांकडे जातो.

पुढच्या घरांत हेच चित्र वेगवेगळ्या रूपांत दिसले. त्याबरोबर आणखी काही गोष्टी उघड झाल्या, ज्या सभागृहातही होत्या पण आम्ही मदत करत असल्यामुळे झाकल्या गेल्या होत्या.

पहिली गोष्ट स्पर्शाची. फोनचा पडदा बोटाच्या विद्युतवाहकतेवर चालतो आणि उतारवयात त्वचा कोरडी झाली की कधी कधी स्पर्श नोंदवलाच जात नाही. बटन दाबल्यासारखे वाटले तरी काही घडत नाही, मग माणूस जोरात आणि जास्त वेळ दाबतो. साधारण अर्धा सेकंद बोट टेकून राहिले की फोन त्याला दीर्घ दाब समजतो आणि भलताच पर्याय पुढे करतो. आमच्या वाहक काकांनी वर्षानुवर्षे तिकिटाच्या यंत्राची बटने दाबली होती. ती घट्ट दाबल्याशिवाय कामच करत नसत. त्यांचे बोट फोनवरही तसेच पडत होते.

दुसरी गोष्ट अक्षरांची. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरे मोठी केलेली असत. बहुधा चष्म्याच्या दुकानात किंवा नातवाने करून दिलेली. अ‍ॅपमधील बटनांची उंची मात्र ठरलेली. इंग्रजी अक्षर अशा चौकटीत वाढले तरी कसेबसे वाचता येते. देवनागरीत वरची वेलांटी, मात्रा आणि रफार आणि खालचे उकार छाटले जातात. ‘पुढे’मधला उकार आणि मात्रा दोन्ही कापल्यावर बटनावर जे उरले होते, ते वाचणाऱ्याला कोणत्या वयाचा दोष द्यायचा? मराठी अक्षरे अशी कापली जातात हे चाचणी करणाऱ्यांच्या लक्षात आले नाही, याचे कारण चाचणी इंग्रजी मजकुरावर झाली होती.

तिसरी गोष्ट वेळेची. ठेवीच्या पडद्यावर पाच पावत्यांचे लांबलचक क्रमांक एकाखाली एक होते. काकू तिजोरीतली कागदी पावती काढून क्रमांक ताडून पाहायच्या, तेवढ्यात दोन मिनिटे हालचाल नसल्यामुळे अ‍ॅप त्यांना बाहेर काढायचे. जी सावधगिरी बाळगा असे बँक फलक लावून सांगते, नेमकी ती बाळगणाऱ्याला अ‍ॅप शिक्षा करत होते. जालावरील मजकूर सर्वांना वापरता यावा यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत याची तरतूद फार पूर्वीपासून आहे : वेळ संपण्याआधी सूचना द्यावी, साध्या कृतीने मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्यावेत आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळावी. तत्त्वांच्या सर्वांत प्राथमिक पातळीवरची ही अट आहे. अपवाद आहेत, पण शिल्लक पाहणे त्या अपवादांत बसवायला फार ताणावे लागते.

दुसरा निर्णयाचा टप्पा : पिन कोणाकडे आहे?

अनेक घरांत फोन हातात घेऊन अ‍ॅप चालवणारी व्यक्ती खातेदार नव्हतीच. सून, नात, शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा, कोणीतरी पिन टाकून शिल्लक वाचून दाखवायचे. एका घरी पिन भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिलेला होता. बँकेच्या नियमानुसार पिन कोणालाही सांगणे हा खातेदाराचा दोष ठरतो, आणि पुढे फसवणूक झाली तर भरपाई नाकारण्याचे कारणही ठरू शकते.

हे बँकेला सांगायचे का, यावर आम्ही बराच खल केला. संमतिपत्रात व्यक्तिगत माहिती बँकेला देणार नाही असे लिहिले होते, त्यामुळे नावे देण्याचा प्रश्न नव्हता. पण ‘ज्येष्ठ पिन वाटतात’ एवढेच वाक्य अहवालात गेले असते तर व्यवस्थापनाने त्यातून ज्येष्ठांच्या निष्काळजीपणाचा अर्थ काढला असता आणि कदाचित त्यांचे अ‍ॅप बंदच केले असते. गप्प राहिलो असतो तर खरा धोका झाकला गेला असता. शेवटी पिन वाटण्याचे वर्णन कारणासह आणि क्रमाने लिहायचे ठरले : ओटीपीच्या चक्रात खाते दोन-तीनदा बंद पडल्यावरच लोकांनी फोन दुसऱ्याच्या हाती दिला, त्याआधी नाही. आमच्या मुलाखतींत हा क्रम पुन्हा पुन्हा आला होता. पिन वाटणे हे मूळ दुखणे नसून बिघडलेल्या मार्गावर लोकांनी काढलेली पळवाट आहे, हे त्यामुळे मांडता आले. आमच्या मते संपूर्ण अहवालातील हा सर्वांत उपयोगी परिच्छेद ठरला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय बँकेचा मूळ प्रस्ताव, म्हणजे प्रशिक्षण. त्याने दुहेरी भिंगाचा चष्मा, कोरडे बोट किंवा अपुरी स्मृती यांवर काही होणार नव्हते. वृद्धत्व आणि तंत्रज्ञान यांवर काम करणाऱ्या अमेरिकेतील ‘क्रिएट’ या संशोधन केंद्राने १९९९ पासून केलेल्या कामात शिकवून सुटणाऱ्या आणि रचना बदलून सुटणाऱ्या अडचणी वेगळ्या काढण्यावर भर आहे. ओटीपीचा प्रश्न उघडपणे दुसऱ्या प्रकारातला होता.

दुसरा पर्याय वेगळ्या ‘ज्येष्ठ’ आवृत्तीचा : मोठी बटने, कमी सोयी. संचालक मंडळाला हा फार आवडला, कारण तो वार्षिक सभेत दाखवता आला असता. जपानमध्ये एनटीटी डोकोमो या मोबाइल कंपनीने ज्येष्ठांसाठी ‘राकुराकु’ फोनची मालिका अनेक वर्षे चालवली आणि ती चांगली खपली, हे उदाहरणही कोणीतरी दिले. आम्ही याला विरोध केला. वेगळी आवृत्ती म्हणजे दोन अ‍ॅप्स सांभाळणे. सामायिक अ‍ॅप पुरवणारी कंपनी दुसऱ्याकडे हळूहळू दुर्लक्ष करणार हे उघड होते. शिवाय संघातील मंडळींना विचारल्यावर बहुतेकांनी ते दुसऱ्या कोणासाठी तरी उपयोगी असल्याचे सांगितले. पंच्याऐंशी वर्षांच्या एका आजोबांनी ते ‘म्हाताऱ्यांना’ द्यावे अशी शिफारस केली.

तिसरा पर्याय पिग्मी एजंटांचा. रोज दारोदार जाऊन बचत गोळा करणारे हे एजंट घरोघरी विश्वासाचे असतात, मग तेच ज्येष्ठांना अ‍ॅप चालवून देतील, असा विचार पुढे आला. माणसे योग्य होती. काम मात्र धोक्याचे. एजंटाच्या हाती ग्राहकाचा उघडा फोन जाणे म्हणजे पिन वाटण्याची पळवाट बँकेने स्वतःच अधिकृत करण्यासारखे झाले असते. पर्याय वगळला.

चौथा पर्याय रचना दुरुस्त करण्याचा. अ‍ॅपची अवस्था जपणे, ओटीपी आपोआप वाचून घेणे, वेळ वाढवून मिळणे, अक्षरांबरोबर बटनाची चौकट वाढणे. यात सर्वांत लहान वाटणारी गोष्ट सर्वांत किचकट निघाली. अँड्रॉइडवर अ‍ॅपने वापरणाऱ्याची वेगळी परवानगी न मागता ओटीपी आपोआप वाचावा यासाठी संदेशाच्या शेवटी अ‍ॅपची ओळख सांगणारी अकरा अक्षरांची खूण लागते. आपल्याकडे ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८ च्या विनियमांमुळे बँकेच्या संदेशाचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या नोंदवहीत नोंदवलेला असावा लागतो; साच्यात फेरफार केला की नव्याने नोंदणी. हे काम बँकेचे की सॉफ्टवेअर कंपनीचे, यावरच बराच पत्रव्यवहार झाला.

पाचवा पर्याय पिनशिवाय, केवळ पाहण्यापुरत्या पडद्याचा. ज्यांना फक्त व्याज जमा झाले का ते पाहायचे आहे, त्यांना व्यवहाराचा अधिकार नसलेला पडदा द्यावा, आणि खातेदाराने लेखी नेमलेल्या एका नातेवाइकालाही तेवढेच दिसावे. माझ्या मते सर्व पर्यायांत हाच मूळ गरजेच्या सर्वांत जवळ होता.

केलेली कार्यवाही

बँकेने चौथा पर्याय स्वीकारला, तोही टप्प्याटप्प्याने. सुरक्षेच्या आक्षेपावर मध्यम मार्ग निघाला : ओटीपीची वाट पाहत असताना अ‍ॅप मागे गेले तर ती एक अवस्था काही मिनिटे जपायची, बाकी काही नाही. नवा ओटीपी मागितल्यावर जुन्याचा संदेश लोकांना गोंधळात टाकतो, म्हणून ठरावीक मुदतीत पुन्हा मागणी आली तर तोच ओटीपी पुन्हा पाठवायचा. संदेशातील मजकुराचा क्रमही बदलला. पूर्वी बँकेचे नाव आणि सावधगिरीची सूचना आधी आणि आकडे शेवटी होते, आता आकडे पहिल्या ओळीत आले, त्यामुळे पट्टी पडद्यावर असेपर्यंत ते दिसू लागले. वेळ संपण्याआधी ‘आणखी वेळ हवा’ असे मोठे बटन आले. बटनांच्या चौकटी अक्षरांबरोबर वाढू लागल्या, निदान मुख्य मार्गावरच्या.

प्रशिक्षण रद्द झाले नाही, त्याचे रूप बदलले. सभागृहातील व्याख्यानाऐवजी आठवड्यातून एका दुपारी शाखेत एक लिपिक बसतो, खातेदार स्वतःचा फोन घेऊन येतो, आणि लिपिकाने फोनला हात लावायचा नाही असा नियम आहे. हा नियम पाळणे लिपिकांना सर्वांत जड गेले. पहिले काम अ‍ॅप उघडण्याचे नसते. फोनमधील साठवणूक मोकळी करण्याचे असते, आणि नातवाचे व्हिडिओ न पुसता ते कसे करायचे हाच त्या दुपारचा सर्वांत लोकप्रिय धडा आहे.

परिणाम

आकडे बँकेच्या मालकीचे असल्यामुळे येथे देता येत नाहीत. दिशा सांगता येते. ओटीपीच्या टप्प्यावर खाते बंद पडण्याच्या तक्रारी ठळकपणे घटल्या. शिल्लक आणि ठेव पाहण्यासाठी अ‍ॅप नियमित उघडणारे ज्येष्ठ वाढले. रक्कम पाठवणे मात्र बहुतेकांनी सुरू केले नाही. ते काम अजूनही मुलगा-मुलगी करतात किंवा धनादेशाने होते, आणि विचारल्यावर लोक सांगतात की त्यांना ते तसेच हवे आहे. काही जणांनी अ‍ॅप पूर्ण समजून घेतले आणि तरी पासबुकाकडे परतले. शिक्का मारलेले पासबुक दुसऱ्याला दाखवता येते, कपाटात ठेवता येते आणि त्याला चार्जिंग लागत नाही. ही निवड अ‍ॅपचे अपयश म्हणून मोजू नये असे आम्ही अहवालात लिहिले, पण बँकेच्या तक्त्यात ती ‘न वापरणारे’ याच रकान्यात जाते.

रांग थोडी कमी झाली. व्यवस्थापनाला अपेक्षित होती तेवढी नाही.

पाचवा पर्याय, म्हणजे केवळ पाहण्याचा पडदा, कंपनीने इतर बँकांकडून मागणी नसल्याचे कारण देऊन बाजूला ठेवला. त्यामुळे पिन कुटुंबात वाटला जाण्याचा प्रकार कमी झाला असला तरी थांबलेला नाही. नेमलेल्या नातेवाइकाला मर्यादित अधिकार देण्याची सोय मिळेपर्यंत तो थांबेल असे वाटत नाही.

वेगळे काय करता आले असते

सभागृहातील फेरी चाचणी खात्यांवरच, पण सहभागींच्या स्वतःच्या फोनवर घेता आली असती. नीतीचा प्रश्न खात्याचा होता, फोनचा नव्हता. आम्ही दोन्ही एकत्र बांधले. चाचणी खाते जुन्या फोनवर टाकायला कंपनीने थोडी खळखळ केली असती, एवढेच. निदान सहभागी निवडताना फोन कोणता, किती जुना, स्मृती किती, तो आधी कोणाचा होता आणि अक्षरांचा आकार काय, हे पाच प्रश्न वय आणि शिक्षणाच्या प्रश्नांबरोबर विचारायला हवे होते. या गावात तरी अ‍ॅप चालेल की नाही हे वयापेक्षा फोनच्या वयावरून अधिक नेमके सांगता आले असते.

प्रश्नावलीऐवजी दुसरे मोजमाप सुरुवातीपासून ठेवता आले असते : किती वेळा आणि कोणत्या टप्प्यावर मदत करावी लागली याची नोंद, आणि आठवड्यानंतर तेच काम कोणाच्याही मदतीविना पुन्हा. समोर बसलेल्या विद्यार्थ्यांना वाईट वाटू नये म्हणून दिलेले गुण अशा नोंदीत शिरत नाहीत. कंपनीच्या प्रतिनिधीला घरच्या एखाद्या भेटीला सोबत नेता आले असते, तर अवस्था जपण्यावरचा वाद पत्रांतून न होता तेथेच मिटला असता असे मला वाटते. गटातील इतरांचे मत वेगळे आहे. खातेदार परक्या माणसासमोर मोकळे झाले नसते, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

नमुन्यातील मोठी उणीव मात्र अजून तशीच आहे. सहभागी ज्येष्ठ नागरिक संघातून आले, आणि संघात येणारे लोक चालते-फिरते, लिहिते-वाचते आणि बहुतांश पुरुष असतात. ज्या काकूंच्या नावावर ठेव आहे पण फोन घरात एकच आणि तो काकांच्या खिशात आहे, त्या आमच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. ज्यांची भेट झाली त्या प्रामुख्याने एकट्या राहणाऱ्या होत्या. पुढच्या फेरीसाठी बँकेच्या महिला बचत गटांमार्फत आणि मोतीबिंदूच्या शिबिरात येणाऱ्यांमधून सहभागी निवडण्याचे ठरले आहे, आणि पहिली भेट काका घरी नसतील अशा वेळी ठेवायची की दोघांसमोर, हे अजून ठरायचे आहे.